कंठातील ठेव : जमैकाचा गायक डेनिस ब्राउन

कॅरिबियन समुद्रातील जमैका हे बेट जगाच्या नकाशावर बोटाच्या टोकाखाली सहज झाकले जाईल, एवढे लहान आहे. परंतु या चिमुकल्या देशाने विसाव्या शतकात साऱ्या जगाला एक नवे संगीत दिले. त्या संगीताचे नाव रेगे.

या देशाची राजधानी किंग्स्टन. तेथे राष्ट्रवीर उद्यान नावाची एक विस्तीर्ण जागा असून मार्कस गार्वी, नॉर्मन मॅनली, अलेक्झांडर बुस्टामांटे अशा राष्ट्रपुरुषांच्या समाधी तेथे आहेत. १९९९ च्या जुलै महिन्यात त्याच भूमीत एका गायकाला मूठमाती देण्यात आली. तो सैनिक नव्हता, पुढारी नव्हता, विद्वानही नव्हता. त्याचे वय अवघे ४२ वर्षांचे होते. १७ जुलै रोजी झालेला त्याचा अंत्यविधी तीन तास चालला. पंतप्रधान पी. जे. पॅटरसन त्या प्रसंगी बोलले, आणि त्यांचे राजकीय प्रतिस्पर्धी एडवर्ड सिआगा हेही बोलले. ज्या देशात १९८० च्या निवडणुकीच्या वेळी दोन पक्षांच्या वैरापायी शेकडो माणसे मारली गेली, त्या देशात दोन्ही पक्षांचे धुरीण एका शवपेटीपाशी उभे राहावेत, ही काही लहान गोष्ट नव्हे.

त्या गायकाचे नाव डेनिस इमॅन्युएल ब्राउन. रेगेचे सर्वांत विख्यात गायक बॉब मार्ली यांनी त्याला ‘रेगेचा युवराज’ म्हटले होते. मार्ली यांचे चित्र गोव्याच्या किनाऱ्यावर विकल्या जाणाऱ्या सदऱ्यांवरही आढळते. या युवराजाचे नाव मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानी पडले असेल. म्हणून त्याची जीवनकथा येथे सांगावयाची आहे. ती एका गोड गळ्याची कथा तर आहेच. त्याचबरोबर लहान मुलाच्या ठायी मोठी देणगी दिसून आली असता भोवतालच्या मोठ्या माणसांवर कोणती जबाबदारी येते, याचाही विचार ती आपल्याला करावयास लावते.

रेगे म्हणजे काय?

कथेकडे वळण्यापूर्वी या संगीताची थोडी ओळख करून घेणे इष्ट होईल. आपल्या तालपरंपरेत पहिली मात्रा ही सम. गायक कितीही दूर भटकून आला तरी तो समेवर येऊन मिळतो, आणि श्रोत्यांची मान आपोआप डोलते. रेगेची गंमत याच्या उलट आहे. त्याच्या एका प्रसिद्ध ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली मात्रा रिकामी सोडतात आणि ढोलाचा मुख्य आघात तिसऱ्या मात्रेवर पाडतात. गिटारचे तुटक, आखूड आघात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येतात. खर्जातील बास गिटार खाली संथपणे चालत असते; तीच गाण्याचा कणा होय. त्या रिकाम्या सोडलेल्या जागेमुळे गायकाला श्वास घेण्यास, शब्द लांबविण्यास आणि भाव खुलविण्यास पुरेसा अवकाश मिळतो.

जमैका ६ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाले. त्या सुमारास तेथे ‘स्का’ नावाचे द्रुत लयीचे नृत्यसंगीत गाजत होते. पुढे लय मंदावत जाऊन ‘रॉकस्टेडी’ हा प्रकार जन्मास आला, आणि १९६८ च्या सुमारास त्यातूनच रेगे उदयास आले. डेनिस ब्राउन वाढला तो याच वर्षांत. स्वतंत्र देशाचे नवे संगीत आणि त्या देशाचा एक लहान मुलगा असे दोघे बरोबरच मोठे झाले.

अंगणातील मुलगा

डेनिसचा जन्म १ फेब्रुवारी १९५७ रोजी किंग्स्टन येथे झाला. त्याचे वडील आर्थर ब्राउन हे नट, लेखक व पत्रकार होते. आई त्याच्या बालपणीच निवर्तली. कुटुंब शहराच्या जुन्या भागात अनेक बिऱ्हाडांच्या एका मोठ्या वाड्यात राहत असे. आपल्याकडील चाळींत वाढलेल्या वाचकांना त्या जागेची कल्पना करणे अवघड जाणार नाही : सर्वांचे अंगण एक, आणि त्याच्याभोवती अनेक संसार. जवळच ऑरेंज स्ट्रीट हा रस्ता होता. तेथे ध्वनिमुद्रिकांची दुकाने होती, आणि नव्या गाण्यांचे सूर दिवसभर दुकानांतून रस्त्यावर येत असत. मुलगा तेथे घोटाळत राही व ऐके. अमेरिकेतील नॅट किंग कोल, सॅम कुक यांच्यासारख्या गायकांची गाणी त्याला मनापासून आवडत.

नवव्या वर्षी तो शाळेच्या सत्रान्त समारंभात प्रथम लोकांपुढे गायला. अकराव्या वर्षी आपल्या थोरल्या भावाचा कार्यक्रम पाहावयास गेला असता त्यालाही व्यासपीठावर गाण्याची संधी मिळाली, आणि तेथील वाद्यवृंदाने त्याला आपल्यात सामील करून घेतले. त्यानंतर लवकरच या वाद्यवृंदाचा कार्यक्रम एका राजकीय पक्षाच्या अधिवेशनात झाला. डेनिस तेथे दोन गाणी गायला. ते ऐकून श्रोते इतके हर्षित झाले की त्यांनी व्यासपीठावर पैशांचा वर्षाव केला. त्या पैशातून मुलाने आपल्या आयुष्यातील पहिला सूट विकत घेतला.

त्याच कार्यक्रमात बायरन ली या प्रख्यात वाद्यवृंदप्रमुखांचेही वादन होते. त्यांनी डेनिसला आपल्या कार्यक्रमांत घेतले, आणि जाहिरातींतून त्याचे नाव ‘नवलाचा मुलगा’ या अर्थाच्या बिरुदासह झळकू लागले.

वाचकहो, ही घटना आनंदाचीच आहे. तथापि तिच्याकडे क्षणभर थांबून पाहिले पाहिजे. अकरा वर्षांच्या मुलाला त्या रात्री एक धडा मिळाला : आपण गायलो की लोक प्रेम करतात, आणि ते प्रेम नाण्यांच्या रूपाने पायाशी येऊन पडते. हा धडा मोठ्या माणसालाही पचविणे कठीण जाते.

गिटार देणारे हात

सुदैवाने या मुलाला पुढे टाळ्यांच्या पलीकडचेही काही मिळाले. किंग्स्टनमधील १३, ब्रेंटफर्ड रोड या पत्त्यावर क्लेमेंट ‘कॉक्सन’ डॉड यांचे ‘स्टुडिओ वन’ हे ध्वनिमुद्रणगृह होते. जमैकाच्या संगीताची ती जणू पाठशाळाच होती. तेथे बाराव्या वर्षी डेनिसने ‘नो मॅन इज अ‍ॅन आयलंड’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. गाणे मूळचे अमेरिकेतील व्हॅन डाइक्स या गायकत्रयीचे. १९६९ च्या अखेरीस डेनिसची ध्वनिमुद्रिका बाहेर पडली, हळूहळू लोकांच्या कानी रुळत गेली, आणि सुमारे वर्षभराने साऱ्या देशात तिचा गाजावाजा झाला.

त्या गाण्याच्या शीर्षकातील शब्द फार जुने आहेत. इंग्रज कवी व धर्मोपदेशक जॉन डन यांनी १६२४ साली प्रसिद्ध केलेल्या चिंतनांतून ते आले आहेत. डन स्वतः गंभीर आजारातून उठले होते. दुसऱ्या कोणाच्या मृत्यूची घंटा ऐकून त्यांनी लिहिले की कोणीही मनुष्य स्वतंत्र बेट नसतो. एक गेला तरी सर्वांचेच काही कमी होते. मृत्युशय्येजवळचा हा विचार साडेतीनशे वर्षांनंतर, खरोखरीच्या बेटावरील एका बारा वर्षांच्या मुलाच्या कंठातून प्रेमगीत होऊन बाहेर पडला. त्याचा संपूर्ण अर्थ त्या वयात त्याला कसा कळावा?

स्टुडिओ वनमध्ये डेनिसने तीसएक गाणी म्हटली. इतरांच्या गाण्यांत मागून साथही दिली. तेथे अ‍ॅल्टन एलिस हे ज्येष्ठ गायक होते. त्यांनी या मुलाला सांगितले की नुसता गळा पुरत नाही. स्वतःची गाणी रचावयाची असतील तर गिटार शिकले पाहिजे. डेनिसने डॉड यांच्यामागे लकडा लावून एक गिटार मिळविली, आणि एलिस यांनी स्वतः त्याला तिचे प्राथमिक धडे दिले. डेनिसच्या दुसऱ्या संग्रहाचे शीर्षकगीतही एलिस यांनीच रचलेले होते.

या चरित्रातील हा प्रसंग लहान असला तरी मोलाचा आहे. मुलाची वाहवा करणारे शेकडो होते. ‘तुझ्यात अजून हे उणे आहे, ये, मी शिकवितो’ असे म्हणणारा एक होता. डेनिस पुढे केवळ बालगायक म्हणून विझून गेला नाही, स्वतः गीते रचू लागला, याचे श्रेय पुष्कळसे त्या गिटारकडे जाते.

खिशातील पैसा

आवाज फुटण्याच्या वयात पुष्कळ बालगायकांचे दिवस संपतात. डेनिसचे तसे झाले नाही. उलट त्याचा आवाज अधिक भरदार, किंचित पिकलेला व मऊ झाला. १९७२ साली, पंधराव्या वर्षी, त्याने जो गिब्ज यांच्यासाठी ‘मनी इन माय पॉकेट’ हे गाणे म्हटले. निर्मितीत विन्स्टन ‘नायनी’ होल्नेस यांचा हात होता. खिशात पैसा आहे, पण प्रेम काही मिळत नाही, अशी त्या गाण्यातील तरुणाची खंत आहे. १९७३ साली नायनी यांच्याच साहाय्याने केलेले ‘वेस्टबाउंड ट्रेन’ हे गाणे जमैकात अतिशय गाजले, आणि त्याच वर्षी ‘स्विंग’ मासिकाच्या वाचकांनी डेनिसला देशातील सर्वोत्कृष्ट गायक ठरविले. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता.

येथे त्या काळच्या व्यवहाराविषयी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. किंग्स्टनमध्ये गायकाला बहुधा गाण्यामागे एक ठरावीक रक्कम देत. पुढे ध्वनिमुद्रिका कितीही खपली तरी त्यातील वाटा गायकाच्या हाती क्वचितच येई. त्यामुळे गायक आज या निर्मात्याकडे, उद्या त्या निर्मात्याकडे गात फिरत. डेनिसच्या नावावर पाऊणशेहून अधिक संग्रह आहेत असे सांगतात. या अफाट संख्येत त्याच्या प्रतिभेचा वाटा आहे, तसा या व्यवहाराचाही आहे.

लंडनमधील प्रेमगीते

१९७४ साली डेनिस प्रथम इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, आणि पुढे लंडन हे त्याचे दुसरे घरच झाले. तेथे त्याचा श्रोतृवर्ग आधीपासूनच तयार होता. १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन बेटांतील लोकांना घेऊन इंग्लंडला पोहोचले. त्यानंतरच्या दोन दशकांत हजारो कुटुंबे तेथे स्थायिक झाली. रेल्वे, बसगाड्या, रुग्णालये यांतून ती माणसे राबली. त्यांची मुले इंग्लंडमध्येच जन्मली वा वाढली. परंतु कातडीच्या रंगापायी पुष्कळ करमणूकगृहांची दारे त्यांना बंद होती. तेव्हा तरुण मंडळी घराघरांतून, तळघरांतून, स्वतः बांधलेले भले मोठे ध्वनिवर्धक लावून गाण्यांच्या मैफली भरवू लागली.

या मैफलींतून १९७५ च्या सुमारास ‘लव्हर्स रॉक’ नावाची रेगेची एक नवी शाखा फुटली. जमैकातील तत्कालीन रेगे हे बहुतांशी पुरुषांचे, अन्यायाविरुद्ध हाक देणारे संगीत होते. लव्हर्स रॉक हे त्याहून हळुवार होते. ते मुख्यत्वे तरुण मुलींनी गायले, आणि त्यात प्रेम, रुसवा, विश्वासघात, वाट पाहणे असे घरगुती भाव होते. लुइसा मार्क या शाळकरी मुलीच्या १९७५ मधील ध्वनिमुद्रिकेपासून या प्रवाहाचा आरंभ मानतात. १९७९ साली जॅनेट के या गायिकेचे ‘सिली गेम्स’ हे गाणे तर ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

डेनिस ब्राउनचे या शाखेशी दुहेरी नाते आहे. त्याच्या मऊ गळ्यातील प्रेमगीते लंडनच्या या मैफलींत अत्यंत आवडीने ऐकली जात. शिवाय कॅस्ट्रो ब्राउन या सहकाऱ्यासह त्याने स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली. तिचे नाव ‘डी.ई.बी.’, म्हणजे त्याच्याच नावाची आद्याक्षरे. या संस्थेने इतर गायकांना, विशेषतः तरुण मुलींना, वाव दिला. त्यांत तीन मुलींचे एक त्रिकूट होते; त्यांची वये पंधरा, सोळा व सतरा म्हणून त्रिकुटाचे नावही ‘१५-१६-१७’ असेच ठेवलेले. बाराव्या वर्षी ज्याला ज्येष्ठांनी हात दिला होता, तो विशी ओलांडते वेळी आपल्याहून लहानांना हात देत होता.

डेनिस केवळ प्रेमगीतांचा गायक नव्हता. जमैकातील अनेक संगीतकारांप्रमाणे तो रास्ताफारी पंथाचा अनुयायी झाला. ‘इस्राएलचे बारा वंश’ या नावाच्या ज्या शाखेत तो होता, ती आपल्या अनुयायांना दररोज बायबलचा एक अध्याय वाचावयास सांगते. ‘वुल्फ अँड लेपर्ड्स’ व ‘व्हिजन्स’ या १९७७-७८ च्या संग्रहांत दीनदुबळ्यांची कणव व न्यायाची तहान स्पष्ट ऐकू येते. एकाच कंठातून प्रेमाचे आर्जव आणि अन्यायाविरुद्धचा उद्गार, दोन्ही सारख्याच सच्चेपणाने निघत, हेच त्याचे वैशिष्ट्य होय.

त्याने नव्याने म्हटलेले ‘मनी इन माय पॉकेट’ १९७९ साली ब्रिटनच्या यादीत चौदाव्या क्रमांकावर गेले. स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील नामांकित संगीतमहोत्सवात तो त्याच वर्षी गायला. पुढे ए अँड एम या मोठ्या अमेरिकन कंपनीने त्याच्याशी करार केला, आणि १९८२ मध्ये ‘लव्ह हॅज फाउंड इट्स वे’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. १९८१ साली मार्ली यांचे निधन झाले होते, आणि आता युवराज सिंहासनावर बसणार, असे लोक बोलू लागले.

उतरण

ते घडले नाही. डेनिस गात राहिला, देशोदेशी फिरत राहिला. परंतु कोकेन या मादक द्रव्याचे व्यसन त्याला जडले होते, आणि ते पुढे वर्षानुवर्षे सुटले नाही. हे व्यसन माणसाला प्रथम रात्रीच्या जाग्रणाचे बळ देते, मग बळ मागू लागते, आणि अखेर श्वास मागते. रोज नवे गाव, रोज नवे व्यासपीठ, रोज मध्यरात्रीनंतर रिकामी होणारी खोली, अशा जीवनात त्याला शिरकाव करणे सोपे जाते.

डेनिसच्या गायकीवर ज्यांचा सर्वाधिक ठसा होता ते डेलरॉय विल्सन हेही स्टुडिओ वनमध्ये बालवयातच पुढे आलेले गायक. १९९५ साली यकृताच्या विकाराने, पन्नाशीच्या आतच, त्यांचा अंत झाला. चार वर्षांनी शिष्याची पाळी आली. १९९९ मध्ये ब्राझीलच्या दौऱ्यावरून परतल्यावर डेनिसला फुप्फुसदाह झाल्याचे आढळले. व्यसनाने त्याची छाती आधीच पोखरलेली होती. ३० जूनच्या रात्री त्याला किंग्स्टनच्या विद्यापीठ रुग्णालयात तातडीने नेले, आणि दुसऱ्या दिवशी, १ जुलै रोजी, त्याची प्राणज्योत मालवली. ज्या श्वासावर सारे गाणे उभे होते, तो श्वासच अखेरीस तुटला.

देशाने त्याला विसरले नाही. २०११ च्या स्वातंत्र्यदिनी त्याला मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान देण्यात आला. २००८ पासून जमैकात फेब्रुवारी हा ‘रेगे मास’ म्हणून पाळतात. कारण १ तारखेला डेनिसचा जन्मदिवस येतो आणि ६ तारखेला मार्ली यांचा. २०१८ साली युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीतास मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

आपल्यासाठी

सुदूर बेटावरील या गायकाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. आपल्याही घरांतून गोड गळ्याची मुले आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनात, गायकवृंदात, आणि आता तर दूरचित्रवाणीवरील स्पर्धांत आठ-दहा वर्षांची मुले गातात, आणि मोठी माणसे डोळे पुसतात. बक्षिसे मिळतात, छायाचित्रे निघतात, नातेवाइकांचा ऊर भरून येतो. यात गैर काहीच नाही. परंतु त्या कौतुकात मुलाच्या गळ्याचा विचार जितका होतो, तितका मुलाचा होतो काय? त्याची झोप, त्याचा अभ्यास, सवंगड्यांबरोबरचा त्याचा खेळ, हरल्यावरचे त्याचे रडणे, यांकडे कोणाचे लक्ष असते?

डेनिस ब्राउनच्या दुर्दैवाचा दोष कोणा एकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. व्यसन हा एक आजार आहे, आणि तो भल्या घरांतूनही शिरतो. म्हणूनच ज्याच्या घरी तो शिरला आहे त्याने लाजेने दार लावून न घेता वैद्याची व आप्तांची मदत मागितली पाहिजे, आणि शेजाऱ्यांनी कुजबुज न करता ती दिली पाहिजे. त्याची सुरुवात फार पूर्वी, मूल लहान असतानाच करता येते. प्रशंसा करणे व सांभाळ करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली एका संध्याकाळी उरकते. दुसरीला वर्षे लागतात. अधिवेशनातील श्रोत्यांनी मुलाला सूट घेण्यापुरते पैसे दिले. अ‍ॅल्टन एलिस यांनी त्याला आपला वेळ दिला. सूट वर्षा-दोन वर्षांत आखूड झाला असेल. गिटारचे ते धडे त्याला जन्मभर पुरले.

तेव्हा यापुढे आपल्या वस्तीतील एखादे मूल सुरेख गायले, तर टाळ्या अवश्य वाजवाव्यात. आणि त्यानंतरच्या आठवड्यात, गर्दी पांगल्यावर, त्याच्या घरी जाऊन त्याची चौकशी करावी.